दस्तगीर मेस्त्री आणि डेन्मार्कचे थोरले मेस्त्री

दस्तगीर मेस्त्रींच्या लक्षात माणसाचं तोंड राहत नाही, बसणं राहतं.

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक पाच वर्षं त्यांना येता-जाता हात करत होते आणि मेस्त्री पाच वर्षं 'हे पावणं कुठलं?' अशा नजरेनं त्यांच्याकडं बघत होते. एकदा नगरसेवक वैतागून त्यांच्या दुकानात शिरले आणि समोरच्या बाकड्यावर बसले. बसले मात्र, मेस्त्रींचा चेहरा उजळला.

"आत्ता वळखलं की! तुम्ही ते टोकावर बसणारं! कुणीतरी उठीवल म्हणून भ्या वाटत असल्यागत!"

नगरसेवक त्यानंतर त्या बोळातून कधी गेले नाहीत. पुढच्या निवडणुकीत पडले. त्याचंही श्रेय मी मेस्त्रींनाच देतो.

माझ्याबद्दलचं त्यांचं मतही त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. "शेठ, तुम्ही बसत न्हाईसा. तुम्ही नुसतं टेकतासा. गिऱ्हाईक आलं की उठाय बरं."

मी म्हणजे मल्लाप्पा. राजारामपुरीत हमरस्त्याला माझं फर्निचरचं तीन मजली शोरूम आहे. तळमजल्यावर सोफा, वर पलंग, त्याच्या वर कपाटं आणि गच्चीवर माझं नाव, रात्री पन्हाळ्यावरून दिसेल एवढं. माझा 'महाराजा' सोफा एवढा मोठा आहे की एका जोडप्यानं दोन टोकांना बसून एकमेकांना फोन केलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याला पुढं सिंहाची तोंडं आहेत, सोनेरी. आयाळीसकट.

आणि माझ्या शोरूमच्या मागच्या बोळात, पिठाच्या गिरणीशेजारी, पत्र्याच्या छपराखाली हा माणूस एकटा बसून वर्षाला दहा-बारा खुर्च्या करतो. पाटी नाही, लाईटचा बोर्ड नाही. लोक माझ्या दारात गाडी लावतात, माझ्या दारात पत्ता विचारतात, माझ्या कूलरचं पाणी पितात आणि मागं जातात. हे लिहितानाही माझ्या पोटात दुखतंय. आधीच सांगून टाकलेलं बरं.

मेस्त्रींच्या डोक्यात हे खुर्चीचं वेड शिरलं ते शिरोली एमआयडीसीत. तिथल्या एका फाउंड्रीत कपाटांची दारं बसवायला ते गेले होते. कधी काळी त्या कारखान्यात डेन्मार्कची मशीन आली होती आणि मशीनबरोबर तिथला एक इंजिनियर. इंजिनियर दोन वर्षं राहिला, घरची एक खुर्ची बरोबर घेऊन आला होता आणि जाताना ती इथंच टाकून गेला. बैठक फाटलेली, भंगारात पडलेली. मालक म्हणाले, "न्या मेस्त्री, बंबात घालायला हुईल."

मेस्त्रींनी ती सिटी बसनं आणली. कंडक्टर म्हणाला, हिचं तिकीट काढा. मेस्त्रींनी काढलं. पूर्ण. मग खुर्ची मधल्या जागेत ठेवली आणि शिरोलीपासून राजारामपुरीपर्यंत तिच्या शेजारी उभे राहिले. एका म्हातारीनं तिच्यावर बसायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "बाई, तिचं तिकीट हाय." मी त्या बसमध्ये नव्हतो, पण हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मला ती म्हातारी चेहऱ्यानं ओळखू येते.

खुर्ची घरी आली, पण मेस्त्री सहा महिने तिच्यावर बसले नाहीत. "बसायचं कसं? वळख न्हाय, पाळख न्हाय." सहा महिने ते तिच्या समोर, बाजूला, खाली बसत. खाली म्हणजे अक्षरशः खाली, पाठीवर झोपून. बैठकीच्या आतल्या बाजूला लाकडात डाग देऊन उमटवलेलं नाव त्यांना तसंच सापडलं. मिरजेला दिलेली त्यांची मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आली होती, तिनं ते नाव मोबाईलमध्ये घातलं आणि मग उलगडा झाला. ही खुर्ची करणारा डेन्मार्कचा कुणी जगप्रसिद्ध माणूस होता. मूळचा सुतार. जन्मभर खुर्च्याच करत राहिला आणि गेला. आता त्याच्या खुर्च्या तिकडं म्युझियममध्ये ठेवतात आणि लोक त्यांच्यावर बसत नाहीत, बघतात.

त्या दिवसापासून मेस्त्रींच्या बोलण्यात 'थोरलं मेस्त्री' आले. त्यांचं नाव मेस्त्री कधी घेत नाहीत. "थोरल्यांचं नाव घ्यायचं नसतंय." खरं कारण असं की ते नाव उच्चारायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला, तेव्हा गिरणीवाल्याला वाटलं मेस्त्रींच्या घशात भुस्सा गेला. त्यानं पाठीत दोन बुक्क्या घातल्या.

पण नाव सोडलं तर दिवसभर तेच. "थोरल्या मेस्त्रींस्नी हे चाललं असतं का?" हा सवाल ते रंध्याला विचारतात, चहाच्या कपाला विचारतात, माझ्या सोफ्याकडं बघून तर फारच मोठ्यानं विचारतात. मोबाईलवर ते थोरल्या मेस्त्रींच्या जुन्या फिल्म बघतात. सगळं डॅनिशमध्ये. मेस्त्री मान डोलवत असतात.

"समजतंय काय, मेस्त्री?"

"का न्हाय? सुताराचं बोलणं हातात असतंय. तोंड त्यांचं उगं हलतंय."

थोरल्या मेस्त्रींची पहिली शिकवण अशी की खुर्चीला पाठ नसते. खुर्ची भिंतीला लावायची वस्तू नाही, चारी बाजूंनी ती तोंडच. म्हणून मेस्त्री आपल्या खुर्च्या रस्त्याकडं पाठ करून मांडतात. बोळातून जाणाऱ्याला वाटतं, चार खुर्च्या रुसून बसल्यात. आणि लोक थांबतात! माझ्या सिंहांना ओलांडून आलेली माणसं त्या रुसलेल्या खुर्च्यांपुढं थांबतात, वाकून बघतात, एका हातापासून निघून पाठीला वळसा घालून दुसऱ्या हातापर्यंत आलेल्या त्या अखंड कमानीवरून बोट फिरवतात आणि गप्प होतात. माझ्या शोरूममध्ये कुणी कधी गप्प झालेलं नाही.

दुसरी शिकवण, पॉलिश नको. तिकडं म्हणे पांढऱ्या लाकडाला साबणाचं पाणी पाजतात. मेस्त्री शिवणीचं लाकूड वापरतात, तेही गोरंच. म्हणून दर शुक्रवारी नमाजाहून आले की गरम पाण्यात साबण किसायचा आणि सगळ्या खुर्च्यांना आंघोळ. वर एक वाक्य ठरलेलं, "कानामागं नीट पुसलं पायजे." खुर्चीचा कान कुठं असतो ते मला अजून कळलेलं नाही. मी मात्र गल्लीभर सांगून ठेवलं होतं की माणूस कामातनं गेला, खुर्च्यांना न्हाऊ घालतो, उद्या बारसं करील. उपयोग झाला नाही. लोक आंघोळ बघायला येऊ लागले.

तिसरी गोष्ट, बैठक. ती कागदाच्या दोरीनं विणलेली. कागदाची! डेन्मार्कहून दोरी मागवणं परवडेना, तेव्हा मेस्त्रींनी इचलकरंजीतनं सुताच्या गठ्ठ्यांवरचा तपकिरी कागद आणला, त्याच्या पट्ट्या कापल्या, ओलवल्या आणि दोर वळायच्या जुन्या चरकावर पिळल्या. पिळून पिळून अशी दोरी झाली की हातात घेतल्यावर कागद म्हणून कुणी मानणार नाही. मी मात्र मानलं. मी म्हटलं, आता सापडला.

तालमीतला एक पैलवान माझ्या ओळखीचा. एकशेतीस किलो, तेही उपाशीपोटी. माझ्याकडची दोन टीपॉय त्यानं नुसता मोबाईल ठेवून मोडलेली आहेत. मी त्याला म्हटलं, "मागं मेस्त्रींच्या खुर्चीवर जरा बसून ये. जोरात बस." आणि मी कान लावून उभा राहिलो. दहा मिनिटं झाली, आवाज नाही. अर्धा तास झाला. शेवटी मी बोळात गेलो तर पैलवान खुर्चीत गाढ झोपलेला, मेस्त्री रंधा बाजूला ठेवून तोंडावर बोट धरून मला म्हणतात, "हळू. अंग सोडलंय त्यानं."

पैलवान उठला तेव्हा डोळे लाल. मला म्हणाला, "मल्लूशेठ, तुमच्या सोफ्यात माणूस बुडतोय. हितं माणूस बसतोय."

ही मी पाठवलेली जाहिरात. फुकट.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिऱ्हाईक येतं, जातं. मला जे गिळता आलं नाही ते म्हणजे अप्पा.

अप्पा म्हणजे माझे वडील. जयसिंगपूरहून कोल्हापूरला आले आणि लोखंडी खाटांच्या दुकानापासून हा धंदा उभा केला. आमच्या घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि अप्पांच्या तोंडी कौतुक दोन्हीत नाही. मी तीन मजले चढवले, अप्पांनी फक्त जिना मोजला. 'महाराजा' आला त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून आणलं, म्हटलं, अप्पा, बसा. ते बसले, सिंहाच्या तोंडात बोट घातलं आणि विचारलं, "याके?" म्हणजे, का? बस्स. त्यानंतर तिथं बसले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी अप्पांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. देवाच्या कृपेनं थोडक्यात निभावलं. डावा हात तेवढा जड राहिला. त्याचं एवढं काय, मी म्हणायचो, जेवायला उजवा लागतो. डॉक्टरांनी रोज थोडं चाला म्हणून सांगितलं. अप्पा काठी घेऊन चालू लागले. घरापासून शोरूमपर्यंत आले, शोरूम ओलांडलं, बोळात वळले आणि दस्तगीर मेस्त्रींच्या खुर्चीत जाऊन बसले.

एक दिवस नाही. रोज. चार ते सहा.

तुम्ही कल्पना करा. शहरातला एक फर्निचरवाला. त्याच्याकडं एकशेदहा प्रकारच्या बसायच्या जागा आहेत. आणि त्याचा सख्खा बाप रोज त्याच्या दारावरून पुढं जाऊन दुसऱ्याच्या खुर्चीत बसतो. गिऱ्हाइकं मला विचारायची, "शेठ, ते मागं बसत्यात ते तुमचं वडील न्हवं?" मी म्हणायचो, "सारखेच दिसतात."

मागच्या खिडकीतनं मला त्या दोघांचं हसणं ऐकू यायचं. अप्पांचं हसणं! मला आठवतं तसं आमच्या घरात अप्पा एकदाच हसले होते, माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा, आणि ते काही कौतुकाचं नव्हतं. इथं ते रोज हसत होते. "दस्तू, तू खुळा हैस," असं ऐकू यायचं, मग मेस्त्रींचं "व्हय की अप्पा," आणि पुन्हा हसणं. मी खिडकीला जाड पडदा लावला. पडद्यातनंही यायचं.

याच सुमारास मेस्त्रींनी एक शोध जाहीर केला. इतकी वर्षं आपण थोरल्या मेस्त्रींचं माप चुकीचं वाचत होतो! खुर्चीचे दोन्ही हात एका उंचीचे नाहीतच. डावा दीड इंच खाली आहे. त्यांनी जुना साचा मोडला, नवा केला. एक हात खाली घ्यायचा म्हणजे अख्खी कमान पिळावी लागते, प्रत्येक सांधा वेगळ्या कोनात, दुप्पट काम. आल्यागेल्याला ते समजावून सांगू लागले, "डावं अंग काळजाचं. काळजाला जरा सैल ठेवलं पायजे. थोरलं मेस्त्री काय सांगून ठेवत न्हाईत, करून ठेवत्यात." लोक माना डोलवायचे. गिरणीवाला घरी जाऊन डाव्या कुशीवर झोपू लागला. आणि शिरोलीची ती मूळ खुर्ची मेस्त्रींनी जुन्या कापडाच्या धडप्यात गुंडाळून माळ्यावर चढवली. कुणी मागितली तर म्हणायचे, "थोरल्यांस्नी आराम करू द्या."

मला तेव्हाच वास यायला पाहिजे होता. आला. पण भलताच आला.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एक आर्किटेक्ट बाई आल्या. हायवेला मोठं हॉटेल होत होतं, त्याचं आतलं सगळं काम त्यांच्याकडं. मी चार महिने त्यांच्या मागं होतो. त्या माझ्या शोरूममध्ये आल्या, सिंहाकडं बघून दोन पावलं मागं सरकल्या आणि विचारलं, "इथं मागं कुणी दस्तगीर मिस्त्री आहेत ना?"

चाळीस खुर्च्या! बाईंचं शिक्षण तिकडंच, डेन्मार्कला झालेलं. त्यांनी मेस्त्रींची कमान बघितली, दोरी बघितली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. शनिवारी येऊन बारकाईनं बघते आणि ऑर्डर पक्की करते, म्हणून गेल्या.

मी जेवलो नाही. मोबाईल घेऊन बसलो आणि थोरल्या मेस्त्रींच्या त्या खुर्चीचे जगातले सगळे फोटो बघितले. समोरून, मागून, वरून. एकाही फोटोत डावा हात खाली नव्हता. शुक्रवारी दुपारी मेस्त्री नमाजाला गेले तेव्हा मी बोळात शिरलो, टेप लावली. दीड इंच. चारी खुर्च्यांना दीड इंच. मला सगळा उलगडा झाला. इंजिनियरनं वापरून वापरून मूळ खुर्ची वाकली असणार, आणि हा भाबडा माणूस ते वाकडेपण देवाचं वाक्य म्हणून गिरवत बसलाय! वर काळीज!

शनिवारी चारला बाई आल्या. अप्पा त्यांच्या खुर्चीत बसलेले. मी कधी नव्हे तो बोळात हजर.

"मल्ल्या, तू इथं?" अप्पा म्हणाले.

"सहज, अप्पा." खिशात टेप होती.

बाई कमानीवरून हात फिरवत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, मी आपला अडाणी माणूस. पण ह्या दोन हातांत मला कायतरी फरक वाटतोय. जरा मोजून बघता का?" आणि टेप पुढं केली.

बाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग दुसरी खुर्ची मोजली. "मेस्त्री, हा डावा हात खाली कसा काय? मूळ खुर्चीत असं नाही. मी ती तिकडं रोज बघत होते."

गिरणीसुद्धा नेमकी थांबलेली. मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं नाही, बाईंकडंही बघितलं नाही. ते अप्पांच्या दिशेनं बघत होते, मला वाटलं शरमेनं.

"तुमच्याकडं मूळ आहे म्हणालात ना? ती काढता का?"

"ती आता न्हाय," मेस्त्री म्हणाले. "वाळवी लागली."

"मग हे माप?"

"चुकलं, मॅडम. माझंच चुकलं. वय झालं, नजर गेली."

ह्या क्षणाची मी सात वर्षं वाट बघत होतो. मला वाटलं होतं आत फटाके वाजतील. एक वाजला, पण भिजका.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "होतं असं. काम तर इतकं सुरेख आहे. ह्या चाळीस तुम्ही दोन्ही हात सारखे घेऊन करा. एवढंच."

"मग ही माझी चुकीची म्हणायची?" अप्पांनी बसल्या जागी विचारलं.

मेस्त्री पटकन म्हणाले, "न्हाय न्हाय अप्पा. हीच बरोबर हाय." मग बाईंकडं वळून, "माफ करा, मॅडम. आता हात असाच बसलाय माझा. मला दुसरी येत न्हाय. करीन तर अशीच करीन."

बाईंनी तीनदा समजावलं. मेस्त्री तीनदा न्हाय म्हणाले. गाडीत बसताना त्या मला म्हणाल्या, "असा कारागीर आणि असा हट्ट!" मी सहानुभूतीनं मान हलवली आणि माझा कॅटलॉग खिडकीतनं आत सरकवला. मला त्या हॉटेलची ऑर्डर मिळाली, खोटं कशाला सांगू. बुटांच्या रॅकची.

अप्पा घरी गेल्यावर मी परत बोळात गेलो. सांत्वनाला. म्हणजे मजा बघायला. मेस्त्री दिसले नाहीत. आत डोकावलो तर ते शिडीवर, माळ्यावरून धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी खाली घेत होते. धडपा सुटला.

वाळवी लागलेली खुर्ची चांगली झकास होती. दोन्ही हात एका रेषेत. मला टेप लावायची गरज पडली नाही.

"मेस्त्री," मी म्हटलं, "ही तर सरळ हाय."

ते दचकले. मग शिडीवरून उतरले, खुर्ची जमिनीवर टेकवली, तिच्यावरची धूळ शर्टाच्या टोकानं पुसली. "सरळच हाय की. थोरलं मेस्त्री कशाला वाकडं करत्यात?"

"मग चाळीस खुर्च्या सोडल्यासा कशासाठी?"

त्यांनी शर्टाचं टोक झटकलं. मग म्हणाले, "अप्पा पहिल्यांदा आलतं, दवाखान्यातनं सुटल्यावर. बसलं. डावा हात वर ठिवला, तो घसरला. उजव्या हातानं उचलून पुन्हा ठिवला, सामान ठिवल्यागत. पुन्हा घसरला. मग त्यांनी हिकडं-तिकडं बघितलं, कुणी बघितलं काय म्हणून. मी रंधा मारायलोय असं दाखिवलं."

मेस्त्रींनी धडप्याची घडी घातली.

"दुसऱ्या दिवशी हात मांडीत घिऊन बसलं. चोरून आणल्यागत."

घरी अप्पा दोन वर्षं हात मांडीतच घेऊन बसत होते. मला वाटायचं, सवय.

"मग त्यांना एकट्याला करून द्यायची वेगळी," मी म्हटलं. आवाज उगाच चढला. "सगळ्या खुर्च्या कशाला वाकड्या केल्या?"

"एकट्याला दिली की ती रोग्याची खुर्ची हुती, शेठ. समद्यांची तशी असली की नुसती खुर्ची." त्यांनी मूळ खुर्चीच्या डाव्या हातावर तळवा ठेवला. "थोरल्यांची रोज माफी मागतोय. त्यांच्या नावावर खोटं खपिवलं. पर मला वाटतंय, त्यांनी अप्पांस्नी बसताना बघितलं असतं तर त्यांनी बी दीड इंचच घेतलं असतं. दोन न्हाय. दोन घेतलं की खांदा पडतोय."

दीड की दोन, हे ठरवायला किती दिवस ते चोरून अप्पांचा खांदा बघत बसले असतील, कुणास ठाऊक. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. मला जळजळ झाली, आधी कधी झाली नव्हती एवढी. हा हात माझ्या घरात होता. माझ्या ताटाशेजारी होता.

मी म्हटलं, "मेस्त्री, मला एक खुर्ची पायजे. घरात ठेवायला, अप्पांसाठी. अशीच. म्हणाल ते देतो."

"न्हाय."

"का?"

"घरात मिळाली तर ते हिकडं कशाला येतील?" त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "थोरल्या मेस्त्रींशी मी दिवसभर बोलतोय शेठ, खरं ते काय बोलत न्हाईत. गिऱ्हाईक येतंय, खुर्ची बघून जातंय. पोरगी मिरजेला. बसाय म्हणून हितं एकटं अप्पा येत्यात."

मी काहीतरी बोलणार होतो, पण बोळाच्या तोंडाशी काठीचा आवाज आला. अप्पा. चष्मा विसरून गेले होते वाटतं. मेस्त्रींची नुसती तारांबळ उडाली. त्यांनी खुर्ची उचलून माझ्या हातात दिली, स्वतः शिडीवर चढले, मी खालून दिली, त्यांनी वरून ओढली, धडपा टाकला. खाली आले ते धापा टाकत आणि मला गिरणीच्या बाजूच्या दाराकडं ढकलू लागले.

"तुम्ही जावा आता."

"का? मी बसतो की जरा. माझाच बाप हाय."

"म्हणून तर," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही नसताना बी दोन तास तुमचंच चालू असतंय. मल्ल्यानं तिसरा मजला कसा चढवला, मल्ल्या किती राबतोय, मल्ल्यानं सिंह कुठनं आणलं. दोन वर्षं ऐकतोय मी, काय करू? आता तुम्ही समोर बसलासा की माझ्याकडं बघायचं बी न्हाईत ते."

काठी दारापर्यंत आली होती. "दस्तू," बाहेरून अप्पांनी हाक मारली, "कुठं गेलास?"

मेस्त्री माझ्याकडं बघत उभे होते. मी दुसऱ्या दारानं बाहेर पडलो आणि दार वाजणार नाही असं बेतानं ओढून घेतलं.